पहिल्या पावलाचा माणूस

लूकन, डब्लिन
२ जानेवारी २०२४

प्रिय वहिनी,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. फोनवर तुझं ‘बरं, ठेवते’ दोन मिनिटांत येतं, म्हणून सवडीनं हा ई-मेल लिहितोय. मधल्या सुट्टीत वाच, पण स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसू नकोस.

परवा रात्री तुझ्या दिरानं सात घरांचं भाग्य उजळलं. त्याचं असं झालं. ॲडम्सटाउनचं भाड्याचं अपार्टमेंट सोडून आम्ही या जुन्या वस्तीत घर घेतलं हे तुला माहीत आहेच. तिकडे निम्मं आपलंच गाव होतं, इथे अकरा घरांत आम्हीच काय ते तपकिरी. सगळे म्हातारे, सगळे जुने. दोन वर्षं ‘थंडी फार आहे’ याच्या पुढे कुणाशी बोलणं गेलं नव्हतं. आणि डिसेंबरात चार नंबरची नोरीन चक्क केक घेऊन दारात. सत्तरीची बाई, नवरा पॅट गुडघ्यांनी बेजार. म्हणाली, एक काम आहे, नाही म्हणू नकोस.

इथे एक जुनी समजूत आहे. बारा वाजून नवं वर्ष लागलं की घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, त्यावर त्या घराचं वर्ष ठरतं. उंच, काळ्या केसांचा पुरुष आला तर भरभराट. त्यानं कोळशाचा तुकडा, पाव आणि मीठ घेऊन पुढच्या दारानं यायचं, यजमानाच्या हातचा घोट घ्यायचा आणि मागच्या दारानं बाहेर पडायचं. पूर्वी नोरीनचा धाकटा भाऊ हे करायचा. त्याचे केस पांढरे झाले आणि वस्तीची पंचाईत झाली. मग तिला मी दिसलो. सहा फूट, केस अजून शाबूत आणि डांबरासारखे. पॅट म्हणाला, युवर मॅन तर परफेक्ट आहे. ‘हा गडी’ म्हणायची इथली पद्धत.

तर मी कोट घालून, खिशात कोळसा घेऊन सात घरं हिंडलो. प्रत्येक दारात टाळ्या. ज्या माणसांनी दोन वर्षं माझं नाव विचारलं नव्हतं ती गळ्यात पडली. नोरीनची मुलगी फिडेल्मा तेवढी बाहेर कचऱ्याच्या डब्यांपाशी पावसात उभी. तिचे केस लालभडक, आणि लाल केसांची बाई पहिली आत आली तर वर्षाचं वाटोळं. तिच्या आईनंच तिला थांबवलं होतं. मी आत जाऊन आलो तेव्हा कुठे तिला घरात घेतलं. बिचारी हसत होती. लहानपणापासून सवय आहे म्हणाली.

म्हणजे शेवटी आमचाही पायगुण कुणाला तरी कळला. चैत्राली म्हणते, नवरोजी, आता व्हिजिटिंग कार्ड छाप.

स्वरालीला इथल्या कॉलेजातून मायक्रोबायॉलॉजीच्या प्रवेशाची ऑफर आल्याचं वाचून फार बरं वाटलं. राहण्याची काळजी करू नकोस. इथे विद्यार्थ्यांना खोल्या मिळणं महाकठीण, पण काकाचं घर असताना तिला खोली कशाला हवी? वरची छोटी खोली तिची.

तुझा,
इंद्रनील


सांगली
१४ जानेवारी २०२४

प्रिय इंद्रनील,

तुझं पत्र वाचलं. हसले नाही. तुझा राग येऊन नव्हे, ‘पायगुण’ हा शब्द बऱ्याच वर्षांनी समोर आला म्हणून.

तू तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास, तुला सगळं आठवत असणार. तरी लिहिते, कारण आपण दोघं यावर कधी बोललो नाही. २००१च्या मे महिन्यात मी तुमच्या घरात माप ओलांडून आले. डिसेंबरात ज्ञानेश घाटात मोटरसायकलवरून गेला. मला तिसरा महिना होता. तेराव्याला जेवणं झाल्यावर मुरलीधरमामा पानाला चुना लावता लावता म्हणाले, ‘पांढऱ्या पायाची आहे पोर, आल्यापासून घराला साडेसाती.’ तुझ्या आईंनी होकारार्थी मान हलवली. तू दारात उभा होतास. मी तुझ्याकडे पाहिलं, कारण त्या घरात ज्ञानेशनंतर तूच माझा होतास, केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन माझ्याच ओट्यापाशी बसायचास. तू चपला घालून बाहेर गेलास.

पुढे सहा महिने मी सकाळी कुणी बाहेर निघालं की स्वयंपाकघरात थांबायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच शिकले. मग बाळंतपणाला माहेरी आले ती आलेच.

मला तुझ्याकडून माफी नको आहे. तुझ्या फिडेल्मासारखी मलाही सवय झाली, फरक एवढाच की मला हसू आलं नाही. एकच मागणं आहे. स्वरालीला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही. तिच्या बाबाला अपघात झाला, एवढंच तिला माहीत आहे. एकवीस वर्षं मी तिला मामांच्या आणि आईंच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही ते यासाठीच. हा शब्द तिच्या कानावर पडू नये. तुझ्या घरी तिला पाठवायचं तर हे मला तुझ्याकडून लिहून हवं आहे. आई तिकडे राहायला येणार असतील तर तसं सांग, मी तिची सोय दुसरीकडे बघेन. खोली मिळत नसेल तर तिला पाठवणार नाही.

संक्रांतीचे आशीर्वाद. चैत्रालीला तिळगूळ दिला म्हणून सांग.

तुझी,
सरितावहिनी


लूकन
२१ जानेवारी २०२४

प्रिय वहिनी,

तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा उठलो. त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत गेलो आणि तिथे अंधार पडेपर्यंत बसलो. आत यायची हिंमत झाली नाही. तू मला तेव्हाच बोलली असतीस तर बरं झालं असतं.

तू मागितलंस म्हणून लिहून देतो. माझ्या घरात स्वरालीला कुणी असलं काही बोलणार नाही. बोलायला लागलं तर त्याला मी दार दाखवेन, मग ते कुणीही असो. मी औषधांच्या प्लांटमध्ये क्वालिटी बघतो, पुराव्याशिवाय एक गोळी बाहेर सोडत नाही, आणि माझ्या घरात पांढरे पाय आणि काळे पाय चालतील? आईचा इकडे यायचा विचार नाही. तिला थंडी सोसत नाही.

नोरीनची मंडळी वाईट नाहीत गं. तिला रस्त्यात एकटा मॅगपाय पक्षी दिसला की ती त्याला सलाम करते, टेबलावर नवे बूट ठेवले की ओरडते. पण त्यांचं सगळं हसत-खेळत असतं, त्यात कुणाचा जीव जात नाही. आपल्यासारखं विखारी नाही.

स्वरालीला बिनधास्त पाठव. ती माझ्या भावाची मुलगी आहे.

तुझा,
इंद्रनील


सांगली
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय इंद्रनील,

स्वराली सुखरूप पोचली, फोटो पाहिले. दारात चैत्रालीनं तिला ओवाळलं, तो फोटो मी शाळेत सगळ्यांना दाखवला. तिनं तसं करायचं काही कारण नव्हतं, म्हणून जास्त आवडलं. चैत्रालीची गोड बातमीही कळली. एवढ्या वर्षांच्या उपचारांनंतर हे व्हावं याचा मला किती आनंद झाला, लिहिता येत नाही. तिला जिने चढू देऊ नकोस.

त्याच फोटोत मागे सोफ्यावर आई दिसल्या. स्वरालीला विचारलं तेव्हा कळलं की त्या ऑगस्टपासून तिथे आहेत. तू कळवलं नव्हतंस. सुनेची काळजी घ्यायला आल्या असतील, ते योग्यच आहे. पण मला फोटोतून कळायला नको होतं. विमानात बसलेली मुलगी मी परत बोलावू शकत नाही, हे तुलाही ठाऊक होतं.

असू दे. तुझं पत्र माझ्याजवळ आहे, मी त्यावर विसंबून आहे.

स्वराली मागून घेणारी मुलगी नाही. दुसरी पोळी वाढल्यावर नको म्हणते, तिसरी वाढली की खाते. तिच्या बॅगेत मेतकूट आणि भाजणी दिली आहे, चैत्रालीला खावंसं वाटलं तर काढून घ्या.

तुझी,
सरितावहिनी


लूकन
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय वहिनी,

वाईट बातमी आहे. गेल्या आठवड्यात सगळं संपलं. चौदावा आठवडा होता. डॉक्टर म्हणाले, कुणाचाही दोष नाही, अशा वेळी कारण बहुतेकदा सापडतच नाही. कारणाशिवाय एखादी गोष्ट होते हे माझ्या डोक्यात शिरत नाही. चैत्राली बोलत नाही. खिडकीत बसून असते.

स्वराली सोमवारी टालाला, कॉलेजजवळच्या उपनगरात, राहायला गेली. तिचंच ठरलं. इथून तिला कॉलेज दोन बसचं, लॅब उशिरापर्यंत, आणि घरातलं वातावरणही सध्या असं. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या खोलीत जागा होती. आम्ही खूप म्हटलं राहा, पण आजकालच्या मुलांना स्वतंत्र राहायचं असतं. मी स्वतः तिला गाडीनं सोडून आलो. खोली लहान आहे पण ग्रँड आहे, म्हणजे इथल्या भाषेत ठीकठाक.

आईनं सगळं छान सांभाळलंय. तू काळजी करू नकोस.

इंद्रनील


सांगली
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय इंद्रनील,

चैत्रालीला फोन केला होता, तिनं उचलला नाही. तिला सांग की मला उत्तर नको आहे, फक्त मी आहे एवढं तिला माहीत असू दे. असं दुःख घरातल्या लोकांना कळत नाही, त्यांना वाटतं पुढच्या वेळी होईल. तिला पुढचं काही सांगू नका. जे गेलं त्याबद्दल रडू द्या.

आता स्वरालीचं. रोज फोन करते आणि रोज ‘सगळं ग्रँड आहे’ म्हणते. तुम्हा लोकांचा हा शब्द मला आवडेनासा झालाय. दिवाळीला काकाकडे गेलीस का विचारलं, तर म्हणाली सबमिशन आहे. सहा आठवड्यांपूर्वी ज्या मुलीला ती वरची छोटी खोली इतकी आवडली होती की पडद्याचा रंग मला तीनदा सांगितला, ती मुलगी आपणहून एका खोलीत तिघींबरोबर राहायला जात नाही.

सरळ विचारते. ती स्वतः गेली का?

सरितावहिनी


लूकन
५ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं. चैत्रालीची तब्येत, प्लांटमधलं ऑडिट, आईचं परतीचं तिकीट, एकात एक. स्वराली मजेत आहे, मी मेसेज करत असतो.

आज लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं. मन फार खट्टू झालंय आणि हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

गेल्या वर्षी मी ज्या सात घरांत पहिलं पाऊल टाकलं होतं, त्यातल्या नोरीनचा पॅट एप्रिलमध्ये गेला. हृदयविकारानं, ब्याऐंशीव्या वर्षी. सात नंबरच्या मुलीचं लग्न मोडलं. नऊ नंबरकडे बॉयलर फुटून छत खाली आलं. अकरा घरांच्या वस्तीत वर्षभरात एवढं व्हायचंच. मी पॅटच्या शवपेटीला खांदा दिला, नऊ नंबरचं पाणी बादल्यांनी उपसलं. उन्हाळ्यापासून माणसं जरा तुटक वागायला लागली होती, पण मला वाटलं माझ्या मनाचे खेळ.

या डिसेंबरात कुणी विचारायला आलं नाही. तरी मी कोळसा आणून प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवला होता, कोट ड्रायक्लीन केला होता. एकतीस तारखेला दुकानात नोरीन भेटली. माझ्या हातावर थोपटत म्हणाली, ‘यंदा तुला विश्रांती देतोय हं, राजा.’ रात्री खिडकीतून पाहिलं तर पलीकडच्या रस्त्यावरचा एक पोर्तुगीज प्लंबर कोट घालून घरोघरी हिंडत होता. माझ्या घराशी आला, थांबला आणि पुढे गेला. आमच्या दाराशी कुणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाच नंबरचा म्हातारा घरातून निघता निघता मला पाहून परत आत गेला. मी गाडी काढून निघून गेल्यावर तो बाहेर पडला, आरशात दिसलं मला.

मी यांचं काय वाकडं केलं होतं? टाळ्याही यांनीच वाजवल्या, मी मागितल्या नव्हत्या. शिकलेली माणसं आहेत, कुणी नर्स होतं, कुणी बँकेत होतं. जिवंत माणसाला अपशकुनी ठरवताना यांना काहीच कसं वाटत नाही? तोंडावर बोलत नाहीत, त्यामुळे भांडताही येत नाही. आपल्याच रस्त्यावर मान खाली घालून चालायची पाळी आली. तुला कसं वाटलं असेल ते मला आत्ता कळलं, वहिनी. खरोखर कळलं.

लिहून बरं वाटलं.

तुझा,
इंद्रनील


सांगली
१९ जानेवारी २०२५

इंद्रनील,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला दोन क्षण वाईटही वाटलं. उत्तर लिहायला घेणार होते. पण संक्रांतीला चैत्रालीचा फोन आला आणि थांबले.

पाऊण तास बोलली. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणाशी एवढं बोलतेय म्हणाली. हॉस्पिटलमधून तिला घरी आणलंस तेव्हा तू गाडी रस्त्याच्या तोंडाशी थांबवून स्वरालीला फोन केलास. मागच्या दारानं निघ, बसस्टॉपवर थांब, सांगेन तेव्हा ये. मग चैत्रालीला आत नेलंस. पोर दोन तास चाळीस मिनिटं स्टॉपवर बसून होती. आपल्याला कुणी विसरलं असेल असं वाटून तिनं स्वतः फोन केला, तेव्हा तू तिला ये म्हणालास.

मी चैत्रालीला विचारलं, आई काय म्हणाल्या? ती म्हणाली, आई काहीच म्हणाल्या नाहीत, नुसत्या रडत होत्या. मग विचारलं, तू स्वतः तिला काही म्हटलं होतंस का? ती म्हणाली, ‘वहिनी, स्वरालीच रात्रभर माझे पाय चेपत बसायची. ती का गेली हे मला कुणी सांगितलंच नाही. मी विचारलं तर हे म्हणाले, तिला स्वतंत्र राहायचंय.’

म्हणजे तुझ्या घरात कुणीच काही बोललं नाही. तेवढा तुझा शब्द खरा ठरला. बोललास तो गाडीत, टालाच्या वाटेवर, तू एकटाच. हे मात्र मी स्वरालीकडून काढून घेतलं, तीन दिवस लागले. तुझ्यावर कुणाचा राग नाही म्हणालास. तू काही दिवस दुसरीकडे राहिलीस तर आजीच्या मनाला शांतता मिळेल म्हणालास. आणि मग तिला बरं वाटावं म्हणून, मी गृहीत धरते की बरं वाटावं म्हणूनच, तू तिला म्हणालास, ‘तुझ्या आईच्या वेळीही लोक असंच म्हणाले होते, पण तिनं मनाला लावून घेतलं नाही.’

तुझ्या आईंना मी इतकी वर्षं दोष दिला. मामांना दिला. तुला मी ‘भित्रा होता, लहान होता’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. आता तू बेचाळिसाचा आहेस, दार तुझं आहे, आणि या वेळी तुझ्यावर कुणी दबावही आणला नव्हता. रस्त्यावरच्या म्हाताऱ्यानं तुला पाहून दार लावलं तर तुला पानभर दुःख झालं. माझ्या मुलीबद्दल त्याच पत्रात तू एक ओळ लिहिलीस, ती मजेत आहे म्हणून. दोन गोष्टी एकापाठोपाठ लिहिताना तुझा हात कुठेही अडखळला नाही. मला कसं वाटलं असेल ते तुला कळलं म्हणतोस. तुला ते कळलेलं नाही. तुला फक्त स्वतःला लागलंय.

माझीही चूक आहे. मी लिहून मागितलं आणि लिहून मिळाल्यावर विश्वास ठेवला. शाळेत मुलांना सांगते, नकाशा म्हणजे जमीन नव्हे, आणि स्वतः लेखी शब्दावर विसंबून मुलगी पाठवली.

तू तिला आता बोलवायला जाशील, माफी मागशील. मागू नकोस. तिला तुझ्याबद्दल तक्रार नाहीच, तेच तर मला सोसवत नाही. परवा रात्री मी तिला समजावत होते, हे सगळं खोटं असतं, मूर्ख लोकांचं असतं, मीही त्यातून गेले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘आई, बाबा गेले तेव्हा मी पोटात होते ना?’

मी हो म्हटलं.

‘मग त्यांनी तुला उगीच बोल लावला,’ ती म्हणाली. ‘तू तर नुसती मला घेऊन फिरत होतीस.’

जंतूंचा अभ्यास करणारी मुलगी आहे, इंद्रनील. कारण शोधायला शिकवलंय तिला, आणि तिला ते सापडलंय. मी दोन दिवस उत्तर शोधतेय. तुला सुचलं तर मला कळवू नकोस, तिला सांग.

सरिता